पावणेचारच्या आत

पुतण्यानं अकरा ठिकाणांची यादी दिली होती,
प्रत्येकापुढं वेळ, बसचा नंबर, चालायचे मीटर.
त्यातली आम्ही दोन पाहिली.
बाकीचे दिवस एका बाकावर गेले,
धक्क्याजवळच्या, हिरवा रंग उडालेल्या,
त्रिशलाच्या गुडघ्याला तो पसंत पडला म्हणून.

नॉर्वेचं पार वरचं टोक, जूनचा महिना.
सूर्य मावळायचाच नाही.
रात्री बाराला उंबऱ्यापर्यंत यायचा
आणि काहीतरी विसरल्यासारखा
माघारी फिरायचा.

बोटी मोजल्या. लाल लाकडी घरं मोजली.
जिल्हा बँकेत तीस वर्षं रोखपाल होती ती,
मोजल्याशिवाय तिला काही दिसतच नाही.
वाळत घातलेल्या माशांच्या ओळी आल्या
तेव्हा मात्र नाकाला पदर लावून म्हणाली,
"हे तू मोज."

दिवस बुडाल्यावर ती खात नाही, हे अख्ख्या शाखेला ठाऊक.
मार्चएंडच्या गर्दीतसुद्धा
नोटांच्या बंडलांआडून डबा उघडायची.
मी म्हटलं, बाई, इथं तुझी चंगळ,
अंधारच नाही तर अडवतंय कोण?
तिनं मनगट पुढं केलं.
नवऱ्याचं जुनं चावीचं घड्याळ,
अजून सांगलीच्याच वेळेवर.
तिकडं सव्वासात म्हणजे इकडं पावणेचार.
पावणेचारच्या आत
पोळी-चटणीची गुंडाळी संपवून, चूळ भरून मोकळी.
डोक्यावर लख्ख ऊन.
"अगं, वर बघ की जरा," मी म्हणायची.
"तो त्यांचा," ती म्हणायची.
"माझा हरिपुरात मावळतो."

मी आपली केक खात बसायची. एकटी.

शेवटच्या रात्री जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा.
खिडकीतून दिसली, बाकावर,
साडीवर माझा स्वेटर, पाय पुढं पसरलेले,
समोर सगळं पाणी चिंचेनं घासलेल्या पितळेसारखं.
बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी म्हातारा
मांडीवर जाळं घेऊन विणत बसलेला.
हिच्या मांडीवर पुडा,
मिरजेहून मुद्दाम करून आणलेल्या बिनलसणीच्या भडंगाचा.
हात पुड्यात गेला.
तोंडाकडं गेला.
घड्याळ पाहिलं की नाही, काचेतून कळलं नाही.
सांगलीत तेव्हा पहाटेचे साडेतीन,
घाटावरचं कुत्रंसुद्धा झोपलेलं असणार.
मी पडदा ओढला, भिंतीकडं तोंड केलं.
सकाळी पुडा पिशवीत होता, तोंडाला रबर लावून.
मी काही उचलून वजन पाहिलं नाही.

आता मार्गशीर्ष.
संगमाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी.
कृष्णा इकडून, वारणा तिकडून,
दोघींनाही कुठली गाडी गाठायची नाही.
पलीकडच्या रानात हळदीचा पाला पिवळा पडत चाललाय.
पावणेसहाला तिनं डबा झाकला,
उरलेली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

माझ्या मोबाईलवर त्या गावची वेळ अजून दिसते.
काढून टाकायची राहिली, असं मी सांगते.
तिनं वाकून पाहिलं.
"आता काय चाललं असेल गं तिथं?"
अंधार, मी म्हटलं.
दोन महिने सूर्य उगवतच नाही,
जानेवारीत कधीतरी डोकं काढतो.

बराच वेळ ती गप्प.
एक पाय पाण्यात, एक पायरीवर,
जणू मनातल्या मनात कुठली तरी रोकड जुळवतेय.
मग म्हणाली,
"म्हणजे तो जाळंवाला म्हातारा...
दोन महिने तो जेवत कधी असेल?"

कुठला म्हातारा, मी विचारलं नाही.
भाकरीचा तुकडा मोडला.
हरिपुरात दिवस बुडाला,
आणि तिनं मनगट कानाशी नेऊन
घड्याळाला चावी दिली.